प्राजक्ताची साक्ष

वर्तमानपत्रातील सर्वांत कमी वाचला जाणारा मजकूर कोणता, असा प्रश्न आम्हांस कोणी केला, तर आम्ही क्षणाचाही विलंब न लावता उत्तर देऊ : जाहीर सूचना. अग्रलेख निदान विरुद्ध पक्षाची माणसे तरी वाचतात. निधनवार्तांचा रकाना वडीलधारी मंडळी सकाळच्या चहाबरोबर नेमाने पाहतात. परंतु चौकटीत बसविलेली, बारीक ठशांची, 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' या सुरावर आरंभ होणारी ती सूचना ज्या तमाम लोकांसाठी असते, त्यांपैकी एकाच्याही नजरेस ती पडत नाही. ती वाचतो वकील. आणि तोही आपल्या अशिलाचा सर्व्हे नंबर तीत आला नाही ना, एवढे पाहण्यापुरती.

आमचा व्यवसाय वकिलीचा. अशा सूचना आम्ही आजवर शेकड्यांनी लिहिल्या आहेत. सूचना दिली नाही असे कोणास म्हणता येऊ नये आणि दिली ती कोणास समजू नये, अशी वाक्ये रचण्याचा हात आम्हांस बसला आहे, हे कबूल करण्यात आता संकोच वाटत नाही. परंतु आज जिच्याविषयी लिहावयाचे, ती सूचना आम्ही लिहिलेली नव्हती. ती आम्ही वाचली होती. आणि तिच्या हाकेला ओ देऊन निघालेल्या एका माणसाला उंबऱ्यातूनच परत फिरविले होते. या गोष्टीला वीस वर्षे होत आली. इतकी वर्षे ती आम्ही कोणाजवळ बोललो नाही.

सनद घेऊन तीन-चार वर्षे झाली होती. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही एका बुजुर्ग वकिलांच्या हाताखाली उमेदवारी करीत होतो. गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. गावाच्या एका अंगाला देऊळ, दुसऱ्या अंगाला वस्ती, आणि दोहोंच्या मधून टेकडी कापून नेलेला लोहमार्ग. रेल्वेची माणसे अशा खोदाईला कटिंग म्हणतात. गावकरीही तेच म्हणत. कटिंगच्या माथ्यावर, अगदी कडेला, एक जुने प्राजक्ताचे झाड होते.

देवळाला फुले पुरविणारे एक वृद्ध गृहस्थ होते. सारा गाव त्यांना फुलारीकाका म्हणे. घरात तीन पिढ्यांची फुलांची सेवा. इतर फुले खुडून वाहावयाची. खाली पडलेले फूल देवाला चालत नाही. प्राजक्ताचे तेवढे चालते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. म्हणून पावसाळ्याच्या उत्तरार्धात झाड बहरले की काका रोज रात्री झाडाखाली एक धूतवस्त्र अंथरीत, आणि उजाडण्यापूर्वी जाऊन त्यावर पडलेला सडा उचलून आणीत. वस्त्राची जागा ठरलेली होती. कोणत्या फांदीची फुले कोठे पडणार, हे त्यांस आपल्या तळहातासारखे माहीत होते.

त्या वर्षी श्रावण सरत आला होता. एका पहाटे त्या कटिंगमध्ये दरड कोसळली, आणि येणाऱ्या प्रवासी गाडीचे इंजिन तिच्यावर आदळले. इंजिन व पुढचे दोन डबे रुळांवरून घसरले. प्राणहानी झाली नाही. परंतु बरेच उतारू जबर जखमी झाले, आणि एका तरुणाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. सारा गाव बॅटऱ्या आणि कंदील घेऊन धावला. जखमींना देवळाच्या धर्मशाळेत आणले, पुजाऱ्यांच्या घरून ऊन पाणी आले, कोणी आपली लुगडी फाडून पट्ट्या केल्या. त्या पहाटे आम्हीही तेथे होतो. तो तरुण वारंवार एकच विचारीत होता, की माझा जोडा कोठे गेला.

चार दिवसांनी वर्तमानपत्रात सूचना आली. रेल्वे सुरक्षा आयुक्त या अपघाताची चौकशी करणार असून, ज्या कोणास त्यासंबंधी काही माहिती असेल त्याने अमुक दिवशी अमुक ठिकाणी येऊन साक्ष द्यावी, अथवा लेखी कळवावे, असा तिचा आशय होता. ती आमच्या वाचनात आली, आणि इतर सूचनांप्रमाणेच नजरेआड झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फुलारीकाका आमच्या ओसरीवर आले. ज्या रद्दीत ते फुलांच्या पुड्या बांधीत, तीत तो अंक आला होता. अक्षराला अक्षर जुळवून त्यांनी ती चौकट वाचून काढली होती.

"वकीलसाहेब, हे आपल्याच अपघाताचे ना?"

"हो."

"यात म्हटले आहे, कोणाला काही ठाऊक असेल तर येऊन सांगा. मला ठाऊक आहे."

त्यांनी सांगितले ते असे. अपघाताच्या आधी आठ-दहा दिवस त्यांचे वस्त्र अर्धे रिकामे राहू लागले. झाड नेहमीसारखे बहरलेले. परंतु फुले वस्त्रावर पडेनात. प्रथम त्यांस वाटले, कोणी आधी येऊन वेचून नेतो. मग एके दिवशी उजाडल्यावर खाली नजर गेली, तर फुलांचा सडा रुळांवर पडलेला. सत्यभामेच्या अंगणातले झाड आणि फुले रुक्मिणीच्या अंगणात, ही कथा त्यांनी कीर्तनात पुष्कळदा ऐकली होती; परंतु तेथे देवाची लीला होती, येथे काय असावे, हे पाहण्यास ते खाली उतरले. रुळांमध्ये उभे राहून त्यांनी वर पाहिले. झाड कलले होते. बुंधाच लोहमार्गाकडे झुकला होता, आणि त्याच्या मागे जमिनीला हातभर लांबीची भेग पडली होती. कटिंगच्या पायथ्याशी दर पावसाळ्यात नितळ पाण्याचा एक पाझर असे. त्या आठवड्यात ते पाणी गढूळ, तांबडे येत होते.

आज आम्हांस कळते की भूस्खलनाचा अभ्यास करणारे जे पाहावयास सांगतात, ते सारे या माणसाने पाहिले होते. जांभ्या दगडाखाली मऊ मातीचा थर असतो. पावसाचे पाणी त्यात मुरले की तो फुगतो, निसरडा होतो आणि वरचा भार हळूहळू सरकू लागतो. सरकत्या जमिनीवरची झाडे कलतात, माथ्यावर भेगा पडतात, आणि आतली माती वाहू लागल्यामुळे नितळ झरे गढुळतात. डोंगर कोसळण्यापूर्वी अनेकदा अशी सूचना देतो. तीही जाहीर सूचनाच, आणि तीही कोणी वाचीत नाही.

परंतु त्या संध्याकाळी आम्ही डोंगराचा विचार करीत नव्हतो. आम्ही वकील होतो. आमच्या मनात पहिला प्रश्न आला तो वकिलाचा.

"काका, तुम्ही उभे कोठे होतात?"

"रुळांवर. मधोमध. वरचे बुड दिसायचे तर तेथूनच दिसते."

"लोहमार्गावर असे शिरणे हा गुन्हा आहे, ठाऊक आहे? रेल्वे कायद्याचे एकशे सत्तेचाळीसावे कलम. सहा महिने कैद, नाही तर हजार रुपये दंड. तुम्ही साक्ष द्यायला जाल आणि पहिल्याच प्रश्नाला गुन्ह्याची कबुली देऊन बसाल."

हजार रुपये ही त्यांची किती दिवसांची फुले होती, याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर आम्हांस दिसला. थोडा वेळ ते बोलले नाहीत.

"मग नको जाऊ?"

"नसत्या भानगडीत कशाला पडता? त्यांचे इंजिनिअर आहेत. ते शोधून काढतील."

ते उठले. जाताना, सवयीने, आमच्या देव्हाऱ्यासाठी एक पुडी कट्ट्यावर ठेवून गेले. ती याच वर्तमानपत्राची होती की काय, हे आम्ही पाहिले नाही.

काही महिन्यांनी चौकशीचा निष्कर्ष वर्तमानपत्रात चार ओळींत आला. अतिवृष्टीमुळे अचानक कोसळलेली दरड. चौकशीपुढे जो पुरावा आला, त्यावरून दुसरा निष्कर्ष निघणे शक्यही नव्हते. अधिकाऱ्यांस त्याबद्दल दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु 'अचानक' हा शब्द वाचताना आमचा हात थांबला. त्या गावात निदान दोन माणसांना ठाऊक होते की ते अचानक नव्हते. एकाने ते सांगू पाहिले, दुसऱ्याने त्याला गप्प बसविले. आमच्या कायद्याच्या भाषेत 'दैवी आपत्ती' असा एक शब्द आहे. ज्याचा जाब माणसास विचारता येत नाही, ते या नावाखाली देवाच्या खाती घातले जाते. देवाची फुले गोळा करणाऱ्याची साक्ष आम्ही अडविली, आणि दोष देवाच्या नावावर जमा झाला.

पुढच्या पावसाळ्यात त्याच कटिंगमध्ये, पन्नास-साठ पावले पलीकडे, पुन्हा दरड आली. गाडी नव्हती. रात्रीचा गस्तवाला होता. तो जगला, परंतु त्याचा उजवा हात पुन्हा हातोडा धरण्याच्या कामाचा राहिला नाही. काकांची साक्ष झाली असती तर ती दुसरी दरड टळली असती काय, याचे उत्तर आम्हांपाशी नाही. माथ्यावरचा पाण्याचा चर कोणी पाहिला असता, कदाचित सगळा उतार तपासला गेला असता. कदाचित काहीच झाले नसते. साक्षीचे मोल ती दिल्याखेरीज कळत नाही, एवढेच खरे.

यापुढची गोष्ट आमच्या अज्ञानाची आहे. बऱ्याच वर्षांनी एका विधी महाविद्यालयात व्याख्यान देण्याचा प्रसंग आला, म्हणून आम्ही १९८९ चा रेल्वे कायदा हाती घेतला. अपघात व चौकशी या प्रकरणाची पाने उलटीत असता एकशे सतरावे कलम समोर आले. आयुक्तांपुढील चौकशीत साक्ष देताना एखाद्याने विचारलेल्या प्रश्नास दिलेले उत्तर, किंवा चौकशीच्या विषयाशी संबद्ध असे त्याचे निवेदन, त्याच्याविरुद्ध कोणत्याही दिवाणी वा फौजदारी कामात वापरता येणार नाही. अपवाद एकच, जाणूनबुजून खोटी साक्ष दिल्याच्या खटल्याचा. असा त्या कलमाचा अर्थ आहे.

आम्ही ते तीनदा वाचले. फुलारीकाकांनी रुळांमध्ये उभे राहून झाड पाहिले, हे सांगणे चौकशीच्या विषयाशी संबद्ध नसेल, तर काय असेल? कायदेमंडळाने नेमक्या त्यांच्यासारख्या माणसाच्या भयाचा विचार करून हे दार उघडे ठेविले होते. एकशे सत्तेचाळीस आम्हांस पाठ होते. एकशे सतरा ठाऊक नव्हते. मध्ये अवघी तीस कलमे. शिक्षा सांगणारे कलम वकिलास आधी पाठ होते आणि अभय देणारे मागाहून भेटते, यात आमच्या शिक्षणाचा काही दोष असेल. परंतु न वाचता सल्ला देण्याचा दोष आमचा एकट्याचा.

त्याच वर्षी आम्ही मुद्दाम त्या गावी गेलो. काका ऐंशीच्या घरात होते. दृष्टी अधू झाली होती. पुड्या मात्र बोटांच्या अंदाजाने बांधीत होते. आम्ही कलमाची हकीकत सांगितली.

"म्हणजे तेव्हा सांगितले असते, तर चालले असते?"

"चालले असते, काका. चूक माझी होती."

त्यांनी दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि म्हणाले, "मला वाटले, वकील सांगतात म्हणजे कायदाच सांगतो."

यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

तेव्हापासून या चौकशीच्या संस्थेचा इतिहास आम्ही कुतूहलाने वाचीत आलो आहोत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. पुढे १८९० च्या कायद्याने सरकारी निरीक्षकांस लोहमार्ग तपासण्याचे अधिकार दिले; परंतु १९०५ साली रेल्वे बोर्ड स्थापन झाल्यावर हे निरीक्षक त्या बोर्डाच्याच हाताखाली गेले. म्हणजे गाडी चालविणारा आणि गाडीचा दोष ठरविणारा एकाच छपराखाली. आपल्याच दाव्यात आपण न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. १७ जुलै १९३७ रोजी पाटण्यानजीक बिहटा येथे गाडी घसरून शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर ब्रिटिश रेल्वेचे मुख्य निरीक्षक कर्नल माउंट यांच्या अध्यक्षतेखालील पॅसिफिक लोकोमोटिव्ह समितीने निरीक्षकांना बोर्डापासून अलग करण्याचा सल्ला दिला. मे १९४१ मध्ये ते अलग झाले. १९६१ साली त्या संस्थेस 'रेल्वे सुरक्षा आयोग' हे नाव मिळाले. आणि आज ती रेल्वे मंत्रालयाकडे नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे. रेल्वेचा तपासनीस विमानाच्या खात्यात का, असे हसून विचारणारे पुष्कळ भेटतात. त्याचे उत्तर हेच, की तपासनिसाने ज्याला तपासावयाचे त्याच्या घरचे अन्न खाऊ नये.

नवा मार्ग उतारूंसाठी खुला करण्यापूर्वी आयुक्त तो स्वतः पाहतात, आणि लोकांस धोका नाही असा अभिप्राय दिल्यावरच गाडी सुरू होते. मोठा अपघात झाला की कारण शोधण्याचे काम त्यांचेच. कोणास शिक्षा करणे हा या चौकशीचा हेतू नसतो. तीच गोष्ट पुन्हा होऊ नये, हा असतो. त्यांच्या शिफारशी मात्र बंधनकारक नाहीत, आणि आयुक्त बहुधा रेल्वेच्याच सेवेतून आलेले अभियंते असतात. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ च्या अहवालात, सुरक्षेसाठी रेल्वे बोर्डापासून स्वतंत्र असे वैधानिक प्राधिकरण स्थापावे, असे सुचविले होते. रूळ ओलांडताना देशात दरवर्षी सुमारे १५,००० माणसे प्राणास मुकतात, हा आकडाही त्याच अहवालातला. तो वाचताना आम्हांस एकशे सत्तेचाळीसावे कलमही पूर्वीइतके निरर्थक वाटेनासे झाले. रुळांवर जाऊ नये, हे खरेच आहे. परंतु गेलेल्याने काही पाहिले असेल तर ते सांगू नये, असे कायद्याने कधीच म्हटले नव्हते. ते आम्ही म्हटले.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कोकण रेल्वेची गाडी दरडीच्या दगडांवर आदळून पन्नासहून अधिक माणसे गेली. त्या वर्षांनंतर कोकण रेल्वेने कटिंगचे उतार बांधून काढण्याची, पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरविण्याची आणि रात्रंदिवस गस्त घालण्याची जी व्यवस्था केली, ती आपल्यापैकी प्रत्येकाने खिडकीतून पाहिली आहे. भर पावसात कंदील हाती घेऊन बोगद्याच्या तोंडाशी उभा असलेला गस्तवाला दिसला की आम्हांस तो उजवा हात आठवतो.

२ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरनजीक बहानगा बाजार येथे २९० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तिसऱ्या दिवशी खरगपूर येथे आयुक्तांची चौकशी सुरू झाली, आणि तिच्या सूचनेत प्रवाशांस व आसपासच्या लोकांसही माहिती देण्याचे आवाहन होते. चौकशीत सिग्नलच्या जोडणीतील दोष उघड झाले. वर्षभरापूर्वी, मे २०२२ मध्ये, त्याच विभागातील दुसऱ्या एका स्थानकावर अशाच चुकीच्या तारजोडणीचा प्रकार घडला होता. तेव्हाच योग्य उपाय झाले असते तर हा अपघात झाला नसता, असेही चौकशीत निघाले. तेथेही झाड आधीच कलले होते.

अपघातानंतर विचारणे ही एक रीत झाली. नियम करण्यापूर्वी विचारणे ही दुसरी. अमेरिकेत १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धतीच्या कायद्याने सर्वसाधारणपणे असा दंडक घातला, की खात्याने नियमाचा मसुदा प्रसिद्ध करावा, लोकांचे म्हणणे मागवावे आणि महत्त्वाच्या आक्षेपांस उत्तर देऊनच नियम पक्का करावा. आगगाडीवर किमान दोन माणसे असावीत की एक पुरे, या प्रश्नावर तेथील रेल्वे खात्याने २०२२ साली मसुदा काढला, तेव्हा तेरा हजारांहून अधिक लेखी अभिप्राय आले. एप्रिल २०२४ मध्ये दोन माणसांचा नियम प्रसिद्ध झाला. आपल्याकडेही १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टाच्या तेविसाव्या कलमात, मूळ कायद्याने पूर्वप्रसिद्धीची अट घातली असेल तेथे, मसुदा छापून हरकती व सूचना विचारात घेण्याची रीत सांगितली आहे. २०१४ साली केंद्र सरकारने असेही धोरण ठरविले, की कायदे व नियम यांचे मसुदे निदान तीस दिवस लोकांपुढे ठेवावेत. रीत आहे, धोरण आहे, चौकट छापून येते. त्या चौकटीपलीकडे माणूस मात्र दिसत नाही.

आपल्या देवळांत कौल घेण्याची चाल आहे. मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणे घालतात, आणि मग सारी मंडळी श्वास रोखून पाहत राहतात, की उजवी ढळते की डावी. उजवी ढळली तरी उत्तर, डावी ढळली तरी उत्तर. भय असते ते एकाच गोष्टीचे : पाकळी ढळतच नाही, याचे. जाहीर सूचना हे सरकारने जनतेला घातलेले गाऱ्हाणे आहे. येथे मूर्ती आपण आहोत. आणि आपली पाकळी ढळत नाही.

ती का ढळत नाही, याची कारणे आम्ही इतर कोणापेक्षाही जाणतो. सूचनेची भाषा कळत नाही. कचेरीची पायरी चढण्याचे भय वाटते. आपल्या सांगण्याने काय होणार, असे वाटते. आणि ज्याला विचारावयास जावे, तो शहाणा माणूस सांगतो, 'नसत्या भानगडीत कशाला पडता?' पहिली तीन कारणे दूर करणे सरकारच्या हाती आहे, आणि त्याने ती दूर केली पाहिजेत. चौथे कारण आम्ही स्वतः होतो.

म्हणून अलीकडे एक लहानसे काम आम्ही अंगावर घेतले आहे. गोव्यात आमच्या कुळदेवतेच्या देवळात, महाजनांच्या संमतीने, पूजेच्या यादीच्या फलकाशेजारी एक दुसरा फलक लावला आहे. आसपासच्या गावांस लागू पडणारी कोणतीही जाहीर सूचना निघाली, मग ती रेल्वेची असो, रस्त्याची असो की धरणाची, की आम्ही तिचे सोप्या मराठीत आणि कोंकणीत चार ओळींत सार लिहून तेथे डकवितो : कोण विचारतो आहे, काय विचारतो आहे, कोणत्या दिवसापर्यंत सांगावयाचे, कोठे सांगावयाचे. सुरुवातीस ते वाचणारे आम्ही आणि भटजी असे दोघेच होतो. भटजींनी एकदा शुद्धलेखनाची चूकही काढली.

गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी आरतीनंतर एक बाई फलकापाशी रेंगाळल्या. लोहमार्ग त्यांच्या परसामागूनच जातो. पदराचे टोक बोटाला गुंडाळीत त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, आमच्या मागच्या बांधातून पाणी येते, ते हल्ली तांबडे येते. हे असले कोठे सांगतात?"

आमच्या ओठांवर एक प्रश्न आला. तो वीस वर्षांपूर्वीचा होता. तो आम्ही गिळला. खिशातून कागद काढला, देवळाच्या पायरीवर बसलो आणि विचारले,

"बाई, पाणी तांबडे कधीपासून येते?"